बर्लिनला गेलेला आखाडा

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने आशियातून दोन पथकं अशी गेली होती, ज्यांच्या वाट्याला पदक येणारच नव्हतं. त्यांचे खेळ पदकांच्या यादीत नव्हते. पहिलं पथक चीनचं. सहा पुरुष आणि तीन मुली. त्यांतले बरेच जण नानजिंगला १९२८ साली सुरू झालेल्या सरकारी युद्धकला संस्थेत तयार झालेले. हँबुर्ग आणि बर्लिनच्या प्रेक्षकांसमोर त्यांनी तलवार, भाला, काठी आणि रिकाम्या हातांचे खेळ करून दाखवले. आज सगळं जग ज्याला कुंग फू म्हणतं, त्याच्या युरोपातल्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनांपैकी हे एक.

दुसरं पथक आलं होतं अमरावतीहून. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी कापसाच्या बाजाराचं हे गाव सोडून, समुद्र ओलांडून जर्मनीला पोचली होती. तिथे त्यांनी कबड्डी आणि इतर देशी खेळ दाखवले. कबड्डीच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, १९३६ आणि अमरावती ही दोन नावं शेजारी शेजारी सापडतात. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला ८-१ असं हरवलं आणि साहजिकच देशाच्या आठवणीत हॉकी राहिली. वऱ्हाडच्या मंडळींची बर्लिनवारी मंडळाच्या इतिहासात आणि जुन्या अमरावतीकरांच्या बोलण्यात उरली.

बळाचीच पूजा मांडलेल्या राजवटीच्या राजधानीत, दुसऱ्यांच्या बळाखाली भरडले जाणारे दोन देश आपापल्या कसरती दाखवायला गेले होते, हे चित्र मला फार विलक्षण वाटतं. पुढच्याच वर्षी जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं आणि नानजिंग पडलं. भारतात इंग्रज अजून अकरा वर्षं राहायचे होते. या दोन्ही पथकांतली माणसं रोज पहाटे उठून शरीर कसत होती, ती हौस म्हणून नव्हे. आपण दुबळे आहोत असं कोणीतरी आपल्याला सांगत आलंय, आणि आपण ते जवळजवळ मान्य करून बसलोय, याची चीड त्यामागे होती.

शांघायमध्ये १९१० साली ‘चिंग वू’ नावाची व्यायाम संस्था निघाली. तिच्याशी नाव जोडलेला मल्ल हुओ युआनजिया त्याच वर्षी वारला. पण गुप्तपणे एकेका शिष्याला कानात सांगायची विद्या भर शहरात, वर्ग भरवून, कुणालाही शिकवायची ही कल्पना टिकली. चार वर्षांनी, १९१४ साली, अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. बर्लिनला गेलेलं मंडळ याच आखाड्यातून उभं राहिलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले होते. अमरावती ही त्यांचीच पेठ. १८९७ साली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं आणि दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे त्यांचे निकटचे सहकारी याच गावचे. कॉलेजातलं पहिलं वर्ष टिळकांनी अभ्यास बाजूला ठेवून जोर-बैठकांना दिलं, ही गोष्ट त्या काळातल्या घराघरांत मुलांना सांगितली जात असे. वऱ्हाडात आखाडा काढणं म्हणजे त्या गोष्टीतलं पहिलं पान उघडणं होतं.

एवढा इतिहास सांगितला तो एका कारणासाठी. आजकाल कुंग फू, कराटे, मल्लखांब, योग यांतलं काहीही घ्या, जाहिरातीत एकच वाक्य असतं: आत्मविश्वास वाढवा, मन शांत ठेवा, व्यक्तिमत्त्व घडवा. अमरावती-अकोल्यात सकाळी सायकल काढून फिरलात, तर विजेच्या खांबांवर असे फलक चिक्कार दिसतील. त्यात खोटं काही नाही. पण ही विद्या माणसाला घडवते ती जाहिरातीत सांगितलेल्या वाटेने नाही, आणि दर वेळी चांगल्याच दिशेने घडवते असंही नाही.

आधी वाट कशी असते ते पाहू. तालमीत नव्या पोराला पहिले कित्येक महिने डाव शिकवत नाहीत. त्याला माती खणायला लावतात. हौद्यातली लाल माती फावड्याने उकरायची, खडे वेचायचे, त्यात तेल, हळद, ताक, कापूर मिसळायचं, मग ती तळव्यांनी सारखी करायची. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या. वस्ताद मोजत बसत नाहीत, पण किती झाले ते त्यांना बरोबर कळतं. चीनमधल्या शाळांतही हेच. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून, पाय फाकवून नुसतं उभं राहायचं. मांड्या थरथरायला लागल्या की गुरुजी निघून जातात आणि चहा घेऊन येतात. १९७८ सालच्या ‘थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ या हाँगकाँगच्या चित्रपटाचा मोठा भाग असल्याच कंटाळवाण्या मेहनतीवर बेतलेला आहे. आणि गंमत म्हणजे तोच भाग प्रेक्षकांना सर्वाधिक आवडला.

या कंटाळ्यातच काहीतरी घडतं. पोरगं रोज तेच करतं, आणि महिनाभर त्याला काहीही फरक दिसत नाही. मग एक दिवस बैठक मारताना दम लागत नाही, आणि कालपर्यंत का लागत होता हेही सांगता येत नाही. ज्याने हे एकदा अनुभवलं, त्याला कुठलंही संथ काम पटतं. कपाशी पेरून पाच-सहा महिने बोंडाची वाट पाहणाऱ्या घरातल्या पोराला तर ते आधीच ठाऊक असतं. म्हणूनच असेल, पण वऱ्हाडच्या खेड्यातून आलेली मुलं शहरातल्या मुलांपेक्षा हा सुरुवातीचा काळ बऱ्या रीतीने काढतात, असं माझं निरीक्षण आहे. शहरातला मुलगा तिसऱ्या आठवड्याला विचारतो, ‘‘सर, फाइट कधी?’’

वेळेचा हिशेबही बदलतो. अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सकाळी नऊनंतर मैदानावर पाय ठेवता येत नाही. त्यामुळे इथली सगळी मेहनत पहाटेची. साडेचारला उठायचं तर रात्री साडेनऊला झोपावं लागतं. मग मोबाइल, पानठेला, चौकातल्या गप्पा यांच्यातलं काहीतरी सुटतंच. घरच्यांना आधी हे पटत नाही. नंतर आई स्वतःच उठून दूध तापवते. खुराकाचाही खर्च घरात बसतो. बदाम रोज परवडत नाहीत, म्हणून भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे यांच्यावर भागवणारी मंडळी मोठी आहे. एका मुलाच्या मेहनतीने सगळ्या घराचं घड्याळ पुढे सरकतं. दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी वस्ताद विचारणारच, ‘‘काऊन बे, काल कुठी होता?’’ त्या प्रश्नात राग असतो, पण त्याहून जास्त हजेरी असते. आपण आलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं, ही गोष्ट सोळा वर्षांच्या पोराला फार मोठी वाटते.

मल्लखांबावर तर शरीराचं खोटं लगेच उघडं पडतं. शिसवी किंवा सागवानी खांब, त्यावर एरंडेल चोळलेलं. साधी अढी मारायची म्हणजे दोन्ही पायांनी खांब पकडून उलटं लटकायचं. पकड ढिली असेल तर तुम्ही खाली येणार, त्यात मत-मतांतराला जागा नाही. ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात या कसरतीचा उल्लेख आहे. पुढे ती मागे पडली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तिला पुन्हा जिवंत केलं. मुंबईच्या दादरमध्ये समर्थ व्यायाम मंदिरात आयुष्यभर ती शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१२ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या प्रभाकरराव वैद्यांना ती मिळाली होती. दसरंग, सुईदोरा, वेल, ताजवा या उड्यांची नावं सराईत पोरं पाढ्यांसारखी म्हणतात. उलटं लटकून जग पाहिलं की माणूस सुधारतो असं मी म्हणणार नाही. पण पडायचं कसं हे मात्र शिकतो. हात न टेकवता, अंग गोळा करून, मान सांभाळून पडणं ही कसरतीतलीच एक कसरत आहे. पुढच्या आयुष्यात मोटारसायकलवरून घसरताना तिचा उपयोग झाल्याचे किस्से प्रत्येक तालमीत मिळतात.

कुस्तीत पडण्याला आणखी एक बाजू असते. हरणं तिथे सगळ्यांसमोर, पाठ मातीला लागून होतं. नागपंचमीला आखाड्याची पूजा होते, जवळपासच्या गावांत दंगल भरते, आणि ज्याला गावभर ‘पैलवान’ म्हणतात तो कलाजंग किंवा धोबीपछाडला आडवा होतो. मग उठून समोरच्याला हात द्यायचा, वस्तादांच्या पाया पडायचं, आणि अंगावरची माती झटकायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तीच माती खणायची. चारचौघांत चितपट होऊन पुन्हा उभं राहायची अशी नेमाने मिळणारी संधी कुठली शाळा देते? आपल्या शाळेत नापास व्हायला लाज आणि घरी बसणं एवढीच सोय आहे.

स्पर्शाबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपण ते टाळतो. कुस्तीत आणि कुंग फूच्या जोडीच्या सरावात दुसऱ्याच्या घामाला आपला घाम लागतो. मान, खांदा, मांडी धरावी लागते. ज्या समाजात कोण कुणाच्या हातचं पाणी पितो यावर शतकं गेली, तिथे ही लहान गोष्ट नव्हे. अर्थात जुन्या तालमी मोहल्ल्यांच्या आणि जातींच्याच होत्या. सगळे आखाडे सगळ्यांना उघडे होते, असं म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. पण गुरु-शिष्याच्या नात्याने काही भिंती निश्चित पाडल्या. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव हे त्यातलं ठळक उदाहरण. त्यांचे वस्ताद जुम्मादादा मुसलमान होते. माणिकरावांनी आपल्या नावाजलेल्या संस्थेला गुरूचं नाव दिलं: जुम्मादादा व्यायाम मंदिर. देशभरातल्या व्यायाम चळवळीवर त्या संस्थेचा मोठा ठसा होता. हिंदू शिष्याने पाटीवर मुसलमान वस्तादांचं नाव लिहून तिच्याखाली पिढ्या तयार केल्या, ही गोष्ट आजच्या व्यायामशाळांच्या उद्घाटनात कोणी सांगत नाही. सांगायला हवी.

माणिकरावांची आणखी एक ख्याती होती, हाडं बसवण्याची. आणि इथे पुन्हा बर्लिन आठवतं. चिनी पथकातले झेंग हुआईश्यान हे मल्ल पुढे चेंगदूला स्थायिक झाले आणि हाडवैद्य म्हणून प्रसिद्धीला आले. खेळाडूंच्या दुखापतींवरच्या उपचारात त्यांचं नाव आजही घेतलं जातं. जो दुसऱ्याचा सांधा कसा निखळतो हे जाणतो, त्याला तो परत कसा बसतो हेही कळतं. वऱ्हाडच्या खेड्यांत अजूनही मनगट मुरगळलं तर माणूस आधी वस्तादांकडे जातो आणि मग दवाखान्यात. डॉक्टरांची त्यावर तक्रार असते आणि ती रास्तच आहे, कारण मोडलेलं हाड चुकीचं ओढलं की आयुष्यभराचं दुखणं मागे लागतं. तरी शेजाऱ्याला बरं करायची जबाबदारी आखाड्याने आपल्यावर घेतली होती, हे विसरायला नको.

वेदनेबद्दलची ओढ मात्र वेगळ्या वाटेनेही जाते. शिवराम राजगुरू काही काळ अमरावतीच्या हनुमान आखाड्यात होते, असं त्यांच्या चरित्रांत येतं. पोलिसांचा छळ आपण सोसू शकतो का हे पाहायला त्यांनी चुलीत तापवलेली सांडशी स्वतःच्या छातीला लावली, ही त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलेली आठवण. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला फाशी गेले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्या धैर्यापुढे आपण नुसतं नमस्कार करून उभे राहतो. पण सांडशी छातीला लावण्याची ती ताकद तालमीने दिली, की तालमीत ते आधीच ती घेऊन आले होते? मला वाटतं, मेहनत माणसात नवं काही घालत नाही. आधीच असलेल्या इच्छेला ती शिस्त लावते. इच्छा कोणती आहे, हे तिला ठरवता येत नाही.

म्हणूनच १९२० च्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आखाडे वाढले तेव्हा त्यांतून स्वयंसेवक निघाले, सत्याग्रही निघाले, आणि दंगलीत लाठ्या घेऊन उभी राहणारी माणसंही निघाली. तेच जोर, तीच बैठक, तीच काठी. नुसतं शरीर घडलं की मनही आपोआप घडतं असं जे सांगतात, त्यांनी हा इतिहास नजरेखालून घालावा. बर्लिनच्या त्या स्टेडियममध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांचीही शरीरं उत्तम घडलेली होती.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना हे बहुधा कळलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीच्या गुरुकुंजात त्यांनी प्रार्थना, ग्रामसफाई आणि व्यायाम एकाच दिनक्रमात गुंफले. आखाड्यातून बाहेर आलेल्या मुलाच्या हातात त्यांनी झाडू दिला. गाडगेबाबाही याच मुलखातले, त्यांच्या हातात तर तो आधीपासूनच होता. शरीर कमावलंस, ठीक, आता त्याने नाली उपस. या सल्ल्यात वऱ्हाडी रोखठोकपणा आहे आणि तो मला कुठल्याही चिनी सुभाषितापेक्षा जवळचा वाटतो.

अकोल्याकडे वळलं की बळाचं वेगळंच सार्वजनिक रूप दिसतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी इथली कावड यात्रा निघते. गांधीग्रामला पूर्णा नदीचं पाणी भरायचं आणि ते खांद्यावर वाहत, अनवाणी, शहरातल्या राजराजेश्वर मंदिरात आणायचं. अंतर सतरा-अठरा किलोमीटरचं. कावडी साध्या नसतात. एकेका मंडळाच्या कावडीला शेकडो भरणे, म्हणजे पाण्याचे घडे, बांधलेले असतात आणि ती पेलायला रांगेने माणसं लागतात. रात्रभर चालायचं, खांदा बदलायचा, पण कावड जमिनीला टेकू द्यायची नाही. आधीचे दोन-तीन महिने मंडळांची पोरं सराव करतात, ज्याच्या खांद्याला अजून घट्टे पडले नाहीत त्याला आतल्या रांगेत घेत नाहीत. मी हे धार्मिक उत्सव म्हणून जितकं पाहतो, तितकंच सामुदायिक व्यायाम म्हणूनही. एकट्याच्या ताकदीचा इथे काही उपयोग नाही. शेजारच्याचं पाऊल चुकलं की सगळ्यांचा खांदा सोलतो. अलीकडे कानठळ्या बसवणाऱ्या ध्वनिक्षेपकांनी तिचा बाज बिघडवलाय, हे अकोल्याचे लोकच कुरकुरत सांगतात.

त्याच अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगणावर राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची मुलं बॉक्सिंग शिकतात. पावसाळी चिखल असो की मार्चचं ऊन, हाताला पट्टी गुंडाळून दोरीवर उड्या मारणाऱ्या त्या पोरांकडे पाहिलं की तालीम आणि रिंग यांच्यातलं अंतर फार नाही हे कळतं. डावा हात पुढे, हनुवटी खाली, श्वास ठोशाबरोबर बाहेर. कुंग फूचा गुरूही हेच सांगेल, फक्त त्याचे शब्द अधिक गूढ असतील.

आणि कुंग फू? तो वऱ्हाडात आला तो पडद्यावरून. ब्रूस ली जुलै १९७३ मध्ये वारला आणि त्याच वर्षी ‘एंटर द ड्रॅगन’ आला. आमच्या तालुक्यांच्या गावांत तो पोचायला काही वर्षं लागली. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ पार्लर निघाले. शनिवारी रात्री रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मंडपात ब्रूस ली आणि जॅकी चॅन लागायचे. १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ची गोष्ट त्याच हुओ युआनजियाच्या शिष्याची. शांघायच्या बागेबाहेर कुत्र्यांना आणि चिन्यांना मनाई करणारी पाटी ब्रूस ली लाथेने फोडतो, तेव्हा मांडवातली सगळी पोरं ओरडायची. त्यांना चीनबद्दल काही माहीत नव्हतं. पाटी मात्र त्यांनी ओळखली होती.

त्या लाटेने गल्लोगल्ली कराटे आणि कुंग फूचे वर्ग निघाले. पांढरा पोशाख, रंगांचे पट्टे, परीक्षा, प्रमाणपत्रं. तालमीत पट्टा नव्हता. तिथे वस्तादांनी कधीतरी ‘‘जमते आता तुले’’ म्हटलं की झालं, आणि ते ऐकायला पाच वर्षं लागायची. नव्या वर्गांत दर तीन-चार महिन्यांनी रंग बदलायचा आणि परीक्षेची फी असायची. मला ही पद्धत सरसकट वाईट वाटत नाही. लहान मुलाला पुढचा टप्पा दिसावा लागतो. फक्त पट्टा मिळवणं हेच ध्येय झालं की मग तो पट्टा पुस्तकाच्या रिकाम्या वेष्टनासारखा राहतो.

या वर्गांत एक गोष्ट हटकून सांगितली जाते: कुंग फू मुळात भारतातूनच चीनला गेला, बोधिधर्माने शाओलिनच्या भिक्षूंना शिकवला. ऐकायला गोड आहे. पण तांग हाओ या चिनी संशोधकानेच १९३० च्या सुमारास जुने ग्रंथ तपासून दाखवलं की ही कथा फार मागाहून रचली गेली. बोधिधर्माच्या नावावर असलेला व्यायामग्रंथ त्याच्या काळानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला आहे. आपल्याकडे मानसोल्लास आहे, मल्लखांब आहे, आणि चिखलदऱ्याच्या भीमकुंडापाशी भीमाने कीचकाला मारल्याची दंतकथा आहे. कीचकवधाला वऱ्हाडातली पहिली कुस्ती म्हणायला माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या घरातली विद्या आपली म्हणून सांगायची गरज आपल्याला का पडावी?

खरं सांगायचं तर आज बहुतेक पालक मुलांना या वर्गांत घालतात ते भिक्षू व्हावेत म्हणून नव्हे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. त्याच लोभातून खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात गाजलं आणि कधी न खेळलेल्या खेळांची प्रमाणपत्रं लोकांनी नोकरीसाठी लावल्याचं बाहेर आलं. कुंग फूचं स्पर्धेतलं रूप असलेला वुशू १९९० पासून आशियाई खेळांत आहे, म्हणजे त्याच्या कागदाला वजन आहे. रोज पहाटे उठून अंगाचं पाणी करणाऱ्या पोराने शेजारच्याला विकतच्या कागदावर पुढे गेलेलं पाहिलं, तर त्याच्या मनातल्या शिस्तीचं काय होतं? माझ्या ओळखीतल्या काहींनी मैदान सोडलं. काहींनी सोडलं नाही, पण बोलणं कमी केलं.

मुलींची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला ती जास्त आशादायक वाटते. बर्लिनच्या चिनी पथकात तीन मुली होत्या. त्याच वर्षी दसऱ्याला शेजारच्या वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली आणि मध्यमवर्गीय घरांतल्या बायका मैदानात काठी फिरवू लागल्या. त्यामागचा विचार कुणाला पटो न पटो, घराबाहेर उघड्यावर शरीर हलवायची परवानगी त्यांनी घेतली, ही नोंद करावीच लागते. आज अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात देशातल्या दूरदूरच्या राज्यांतल्या मुली शिकायला येतात. हे महाविद्यालय १९६७ सालचं. मणिपूरची मुलगी आणि अचलपूरची मुलगी एकाच मैदानावर सराव करतात, संध्याकाळी दोघी पोहे-तर्री खायला एकत्र जातात. शिकून झाल्यावर त्या आपापल्या गावी क्रीडाशिक्षिका होतात, आणि मग त्या गावातल्या मुलींना चालताना खांदे मागे घ्यायला कोणीतरी सांगतं.

कराटे-कुंग फूच्या वर्गात येणाऱ्या मुलीत घरच्यांना पहिला बदल दिसतो तो चालण्यात. खांदे सरळ, पावलं लांब. दुसरा, आवाजात. ‘हुश्श’ करून ठोसा मारायचा तर पोटातून ओरडावं लागतं, आणि जिला लहानपणापासून हळू बोलायला शिकवलंय तिला ते ठोशापेक्षा अवघड जातं. शिक्षक वर्षानुवर्षं हेच सांगत असतात, ‘‘जोरात! कायले भेतं?’’ घरी गेल्यावर त्याच आवाजात ती आपलं लग्न सतराव्या वर्षी ठरवायला नकार देते, तेव्हा वर्गाची फी भरणाऱ्या वडिलांना थोडा पश्चात्ताप होतो. हे विनोदाने लिहितोय, पण असं घडतं.

आणि सध्या या सगळ्या मेहनतीचा सर्वांत मोठा ग्राहक आहे पोलीस भरती. पहाटे पाचला अमरावतीत किंवा अकोल्यात कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा. मुलगे सोळाशे मीटर धावताहेत, मुली आठशे, दोघंही शंभर मीटर आणि गोळाफेक. शारीरिक चाचणी पन्नास गुणांची, मग लेखी परीक्षा शंभरची. जागा हजारो, अर्ज लाखो. बरीच मुलं वयोमर्यादा संपेपर्यंत धावत राहतात आणि वर्दी मिळत नाही ती नाहीच. त्यांतले काही पानठेला टाकतात, काही मोंढ्यावर हमाली करतात. आणि दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अंजनगाव अशा गावांत संध्याकाळी पाचनंतर जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात कराटे, कुंग फू, मल्लखांब, धावणं जे काही शिकवलं जातं, ते शिकवणारेही बहुधा हेच असतात. महिन्याची फी दोन-तीनशे रुपये, आणि ज्याच्याकडे नसेल त्याने मैदानावर पाणी मारायचं.